दोन काचांची खिडकी

खिडकी बसली, तरी चंद्रावतीचं समाधान होईना.

पेणच्या दुकानात काचवाल्या दत्तात्रेयाने तिला होते नव्हते ते सगळे प्रकार दाखवले होते. सरकती, बाहेर उघडणारी, जाळीची, वर कमान असलेली. बाईने रंग पाहिला नाही की नक्षी पाहिली नाही. प्रत्येक खिडकीमागे जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "दादा, तुमी रस्त्यावर जाऊन वरडा." भर बाजारात बिचारा ओरडला. सरकती नापास झाली, तिच्या फटीतून आवाज यायचा. शेवटी दोन काचांची, रबर लावलेली, कडी फिरवली की घट्ट बसणारी खिडकी पसंत पडली. तीही फक्त लेकाच्या, जगनच्या खोलीला.

"मावशी, ही खिडकी लोक हायवेकाठच्या घरांना लावतात," हत्यारं पिशवीत भरता भरता दत्तात्रेय म्हणाला. "तुमच्या खाडीवर कसला आलाय आवाज?"

"येतो," ती म्हणाली. "कवातरीच येतो."

खाडीचा बांध उधाणाने फुटला, की गावात हाक फिरते, "खांड गेली!" मग घरटी एक माणूस फावडं घेऊन धावतो आणि ते भगदाड चिखलाने बुजवतो. जो जात नाही त्याला कोणी काही करत नाही, फक्त त्या घराशी बोलणं बंद होतं. मागल्या वर्षीच्या उधाणात या घरातून थोरला हिरामण गेला होता. शेती वाचली. हिरामण दुसऱ्या दिवशी चिखलाखाली सापडला. गाढ झोपेतून त्याला हलवून उठवणारी चंद्रावतीच होती, हे तिला कोणी बोलून दाखवलं नाही आणि ती एक दिवस विसरली नाही. आता घरात धाकटा जगन तेवढा राहिला होता. तो जाईन म्हणणार, आणि ती अडवणार कोणत्या तोंडाने? पण हाक ऐकूच आली नाही, तर कोण काय बोलणार?

जगन रोह्याच्या कंपनीतली रात्रपाळी करून आला, जेवला आणि नव्या खिडकीआड झोपला. पाळीची झोप मोडते म्हणून खिडकी, एवढंच त्याला माहीत होतं. तिने कडी फिरवली, घराचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून काचेला तोंड लावून हाक मारली.

"जगन! अरे जगन!"

तो हलला नाही.

"झालं ना मावशी? बघा, पाय तरी हलला का?"

"नावानं तो एरवीबी उठत नाय."

ते खरंच होतं. कानाशी ढोल वाजवला तरी न उठणारा पोरगा होता. तो उठायचा फक्त त्या एका हाकेला, सगळ्या गावासारखा. तिने गल्लीत पाहिलं. भर दुपारी कुत्रंसुद्धा नव्हतं. तिने पदर कमरेला खोचला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली.

"खांड गेली रं! खांड गेली!"

जगन तसाच पडून होता. वर्षभरात पहिल्यांदा तिला पोटभर श्वास आला. तिने काचेवर हात टेकला आणि दत्तात्रेयाकडे बघून ती चक्क हसली.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. लुंगीची गाठ मारत काळुराम फावडं घेऊन निघाला. मागून केरू, जनू, घमेलं घेतलेली इंदुबाई. कोणाचा हात तसाच उष्टा होता. सगळी खिडकीसमोर गोळा झाली.

"कुठं गेली गो?"

"नाय गेली! कुठंच नाय गेली, मी आपली..."

पण ती हाक ऐकल्यावर बांध डोळ्यांनी बघितल्याशिवाय गावातलं कोणी मागे फिरत नाही. "जुन्याच जागी असंल," म्हणत काळुराम पळत सुटला.

आत जगनच्या तोंडावरून धावत्या सावल्या गेल्या, तशी त्याने कूस बदलली. डोळे उघडले. त्याला ऐकू काहीच आलं नव्हतं. काचेपलीकडे त्याला फावडी दिसली, धावणारी माणसं दिसली. तो ताडकन उठला आणि उघड्या अंगानेच दाराबाहेर आला.

"आये, मला उठवलं का नाय?"

"जगन, नाय गेली रे खांड! माझी शपथ हाय!" तिने त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला. त्याने तो सोडवून घेतला आणि माणसांमागे धावत बांधाच्या वाटेला लागला.

ती बघत राहिली. मग तिने दत्तात्रेयाची बाही पकडली.

"दादा, भायेरचं दिसणार नाय अशी काच मिळंल का?"