फायनलमधली धडक

आइस हॉकीचे प्लेऑफ आले, की रिंकच्या कँटीनमध्ये लॉर्न आणि ओरेस्टची जुंपलीच म्हणून समजा. विषय दरवर्षी तोच. त्या जुन्या फायनलमध्ये एका पोरानं दुसऱ्याला कडेच्या फळीवर आदळलं होतं, ते.

"फाउल होता तो, उघड उघड!" लॉर्न टेबलावर मूठ आपटायचा. "आणि पंच शिट्टी गिळून बसला!"

"डोळे तपासून घे रे म्हाताऱ्या," ओरेस्ट खेकसायचा. "खांद्याला खांदा लागला. पोरानं मान खाली घातली, त्याला पंच काय करणार? प्लेऑफ होते, भातुकली नव्हती."

नवख्याला वाटायचं, दोघं आपापल्या पोराची बाजू घेतायत. पण धडक मारणारा मुलगा लॉर्नचा होता. आणि तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला, ओरेस्टचा.

यंदा ऐन प्लेऑफमध्ये तो गेला. गोठलेली जमीन फोडून त्याला पुरलं आणि दोघं म्हातारे सवयीनं कँटीनमध्ये येऊन बसले.

"फाउल होता तो," लॉर्न हळूच म्हणाला, आणि ओरेस्ट आता खेकसेल म्हणून वाट बघत राहिला.

ओरेस्टनं कॉफी संपवली. टोपी घातली.

"होता," तो म्हणाला.