सहज टिपलेला फोटो

देवासच्या बस स्टँडसमोर उमाशंकरचा गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडींचा, ठेला होता. रस्त्यावरचे फोटो काढत हिंडणारा अजेय त्या संध्याकाळी तिथेच होता. ठेल्याचा कोपरा एका कारला घासला, तसा कारवाला उतरला आणि कमरेचा पट्टा काढून म्हाताऱ्या उमाशंकरच्या तोंडावर सपासप मारत सुटला. एवढ्यानेही राग शमेना, म्हणून त्याने उमाशंकरचं मनगट धरलं आणि हात उकळत्या तेलाच्या कढईत दाबला.

अजेयने एकच फोटो काढला आणि कॅमेरा सोडून मधे झेप घेतली. पट्ट्याच्या बकलाने त्याची भुवई फाटली, तरी त्याने उमाशंकरला ओढून सोडवलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

हाताला बँडेज बांधलेला उमाशंकर त्याला म्हणाला, "भिया, ये फोटो सबको दिखाना. लोग देखें तो सही, मेरे साथ क्या हुआ."

रस्त्यावर सहज टिपलेल्या फोटोंची एक स्पर्धा होती, निवडलेल्या फोटोंचं प्रदर्शन लागणार होतं. अजेयने तो फोटो तिकडे पाठवला. आठवड्याने परीक्षकांचा फोन आला.

"अजेयराव, फोटो जबरदस्त आहे, पण आम्ही बाद केला. हा तुम्ही माणसं उभी करून काढलाय."

"साहेब, हे खरंच घडलंय! तुम्हाला असं का वाटलं?"

"अहो, मागे तीसेक माणसं नुसती बघत उभी आहेत. खऱ्या रस्त्यावर असं होईल का?"