आधी चहा, मग नाक

"साहेब, आधी चहा!" काखेतली घरची पाण्याची बाटली सावरत सरपंच कदमकाका म्हणाले, आणि हातपंपावर नुकतीच भरलेली बादली याही वेळी उन्हात तशीच उघडी राहिली.

शर्वरीचे डोळे बारीक झाले. दर महिन्याला साहेब गावचं पाणी तपासायला यांत्रिक नाक घेऊन येतात. त्या नाकाला पाण्यात कारखान्याच्या रसायनाचा वास आला, की हातपंप आपोआप कुलूपबंद होतो. पण दर वेळी आधी चहा, मग नाक, आणि मग "पाणी स्वच्छ!" तर मग धाकट्या बहिणीचं, ओवीचं डोकं रोज का दुखतं?

"काका, बादली उघडी ठेवली की ते रसायन उडून जातं. सेंट उडतं ना, अगदी तस्संच!"

"गप गं, शहाणे! साहेबांना बिस्किटं दे."

तिनं बिस्किटं दिली आणि साहेबांच्या शेजारी ठेवलेलं यांत्रिक नाक आणि रिकामी शिशी उचलली. पंप हापसून तिनं शिशी काठोकाठ भरली, नाकाची नळी आत खुपसली आणि शिशीचं तोंड गच्च बंद केलं.

खट्! पंपाचा दांडा जागच्या जागी अडकला.

"अगं बाई! आता प्यायचं काय आम्ही?" पाण्याला आलेल्या बायका ओरडल्या.

शर्वरीनं सरपंचांच्या काखेतल्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"काका पितात ते!"