प्रबंधातली खरी बाई

"वडिलांच्या शेतीत मुलीचा मुलाएवढाच हक्क असतो, हे आपल्याला माहीत आहे काय?" अनुपनं प्रश्नावलीतला प्रश्न मोठ्यानं वाचला.

"हो," सरिता म्हणाली. "माहीत नसायले काय झालं? त्याच्याचसाठी त आलो ना आपण."

भंडाऱ्याच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेरच्या बाकावर भाऊबहीण नंबराची वाट पाहत बसले होते. बाप गेल्यावर कारध्याचं शेत दोघांच्या नावावर चढलं होतं. आपला वाटा हक्कसोडपत्रानं भावाला द्यायला सरिता सिहोऱ्याहून सकाळच्या एसटीनं आली होती. येताना भावासाठी घरच्या चिन्नोर तांदळाची थैलीही आणली होती. 'काहून सोडून राहिली?' म्हणून नवऱ्यानं तोंड फुगवलं, तर तिनं त्यालाच गप्प केलं होतं. आईही नव्हती, आता भाऊ म्हणजेच माहेर. ते शाबूत राहावं, एवढंच तिला हवं होतं.

अनुप एका मोठ्या विद्यापीठात कायद्याचं संशोधन करत होता. विद्यापीठ इतकं मोठं, की गाइड सापडण्यातच त्याचं पहिलं वर्ष गेलं. 'वारसा हक्क आणि ग्रामीण स्त्रियांचे अज्ञान' हा त्याचा विषय. अज्ञान शीर्षकातच पक्कं झालं होतं, आता ते गावोगाव फिरून गोळा तेवढं करायचं होतं. गाइड सरांनी निष्कर्षही आधीच लिहून घेतला होता. पाहणी निष्कर्षाला धरून झाली पाहिजे, हे त्यांचं शास्त्र. मग फिरायचं तरी कशाला? अनुपनं होस्टेलच्या खाटेवर बसूनच बायांच्या नावानं प्रश्नावल्या भरल्या, मधेमधे पेन बदलून. "एक तरी खरी बाई ठेव," सर म्हणाले होते. "तोंडी परीक्षेत कोणी विचारलं तर दाखवता आली पाहिजे."

खरी बाई शेजारीच बसली होती. अनुपनं 'नाही'च्या चौकटीत खूण केली.

सरिता दहावी शिकलेली. तिनं वाकून पाहिलं. "म्या त हो म्हणलं ना रे."

"आयकलं ना ताई. पण हो लिवलं त माहा निष्कर्षच बसत नाही."

"मले माहीत हाय, अन् तू माहीत नाही लिवून राहिला?"

"तुले काय फरक पडते? कागदच त हाय. कर इथं सही."

सरिताला वाईट वाटलं. सगळं समजून-उमजून आपण इथवर आलो, आणि भावाच्या लेखी अडाणीच राहिलो. तरी तिनं सही केली. तेवढ्यात आतून पुकारा झाला.

आत रजिस्ट्रार साहेबांनी हक्कसोडपत्र चाळलं, चष्म्यावरून सरिताकडे पाहिलं. "बाई, या शेतात तुमचा अर्धा हिस्सा आहे. हे माहीत असूनच राजीखुशीनं सोडताय ना?"

सरितानं पेन उचललं. भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून तिची प्रश्नावली फायलीत नीट लावत होता. तिनं पेन खाली ठेवलं.

"नाही साहेब. मले माहीत नाही."

अनुप दचकला. "ताई! काय बोलून राहिली तू?"

"आत्ताच बाहेर सही केली ना म्या. पाहा साहेब, त्याच्या फायलीत हाय. कायदा शिकलेला हाय माहा भाऊ. विद्यापीठात जाते तो कागद."

"दाखवा बघू," साहेबांनी हात पुढे केला.

अनुपनं फाइल छातीशी धरली. कागद खरा म्हणावा, तर शेत जात होतं. खोटा म्हणावा, तर प्रबंध. साहेबांनी हात मागे घेतला आणि हक्कसोडपत्र बाजूला सारलं.

"ताई, तुले सारं माहीत हाय! सांग ना साहेबाले!" अनुप रडकुंडीला आला.

सरितानं तांदळाची थैली उचलून त्याच्या हातात दिली. तिचे डोळे भरून आले होते.

"हे घे, तुह्यासाठीच आणलं. शेत बी माहीत असूनच देत होती रे मी तुले," ती म्हणाली. "पण जिले माहीतच नाही, तिनं काय सोडावं?"