पाहुण्यांसाठी ठेवलेला गूळ

डब्यातली गुळाची ढेप पुन्हा निम्मी झाली होती. सरदारबीनं झाकण आपटलं. उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर लोहारा गावचे पाहुणे तिच्या पोरीला, तहरीमला बघायला येणार होते आणि हा गूळ त्यांच्या शिऱ्यासाठी होता.

घरात गूळ चोरून खाणारं कुणी नव्हतं. तहरीमला गोड आवडत नसे आणि तिच्या नवऱ्याचं, गफारभाईंचं, तर डॉक्टरनं गोड बंदच केलेलं. पण हल्ली गफारभाई मशिदीची झाडलोट करून घरी आले, की कुर्त्याला आंबूस वास यायचा. विचारलं तर म्हणायचे, "म्हातारपणी घाम बी आंबतो."

सरदारबी काही कालची पोर नव्हती. तिचं माहेर ढोकीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. गूळ आंबवून काय काढतात, हे तिला शिकवायला नको होतं. सख्खा भाऊ त्यापायीच मातीत गेला होता. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. पण कमरेला मशिदीची किल्ली असलेल्या माणसानं असं करावं? पाहुण्यांच्या नाकाला हा वास लागला, तर पोरीचं लग्न जुळायच्या आधीच मोडणार.

दुपारची नमाज उरकून माणसं पांगली. गफारभाई तेवढे बाहेर आले नाहीत. सरदारबी पदर डोक्यावर ओढून निघाली.

मशीद मुघलांच्या वेळची. तीन उंच कमानी आणि वर गावाच्या कुठल्याही गल्लीतून दिसणारा पाकळ्यांचा घुमट. भिंतींचा चुना इतका गुळगुळीत, की पूर्वी म्हणे त्यात तोंड दिसायचं. गेल्या साली कमिटीनं एका मिनाराला सिमेंट फासलं, तर ते वर्षाच्या आत पोपडे धरून पडलं. एवढ्या संसारात सरदारबी मशिदीच्या पायरीपर्यंतच आली होती. आज ती पायरी चढली.

कोपऱ्यातल्या कमानीमागं रांजण होता. गफारभाई त्यात काठी फिरवत होते. वास असा, की तिला भावाचं अंगण आठवलं.

"अल्लाच्या घरात भट्टी लावली तुम्ही?" तिचा आवाज घुमटात फिरून परत आला. "पोरीचा तरी इचार करायचा!"

गफारभाईंच्या हातातली काठी गळाली. ती रांजण लोटायला धावली, तसे ते आडवे झाले.

"सांडू नगंस, सरदार. लई दिवस लागले मुरायला." त्यांनी तिला धरून कमानीपाशी नेलं. पायापासून वर गेलेली मोठी भेग अर्धी बुजली होती. तिथला चुना अजून ओला होता. "गूळ, हिरडा आन् बेलाचा गर. ह्या पाण्यात चुना मळायचा. अब्बा असाच मळायचे. ही ज्यांनी बांधली, त्यांनी बी ह्येच पाजलं हिला. शिमिट सोसत न्हाय हिला. कमिटी आता हितं बी तेच फासणार हाय. त्याच्या आत येक कमान करून दावायचीय मला."

"मग चोरून कशाला?"

"वासानं लोक काय म्हनले असते?"

"आन् मला बी न्हाय सांगायचं?"

गफारभाईंनी खाली पडलेली काठी उचलली. "तुझ्या भावाचं मला ठावं न्हाय व्हय? तुझंच तर जास्त भ्याव वाटलं." मग त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. "पिणारी ही हाय, सरदार. मी न्हाय."

सरदारबीनं ओल्या चुन्याला बोट लावलं, नाकाशी नेलं. तिला लाज वाटली आणि रडूही आलं. भेगेचा वरचा अर्धा भाग अजून उघडाच होता.

"उद्या पाहुण्यांपुढं आंघोळ करून या," ती म्हणाली. "आन् उरलेला गूळ घिऊन जावा. शिरा साखरेचा करते मी."