हातभर जागा

सुदेशच्या पत्राला कुंडलिकने उत्तर दिलं नव्हतं. 'काका, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितोय,' असं सुरू होणारं ते पत्र पावसाळ्याआधीच आलं होतं. सुदेश आणि कुंडलिकचा मुलगा रत्नदीप वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात स्पीकरचे डबे बनवायचे. रत्नदीप गेला. त्याच्या हातचा शेवटचा, गुडघ्याएवढा डबा विठ्ठलवाडीच्या या खोलीत कोपऱ्याला टेकून होता. वर भिंतीवर रत्नदीपचा फोटो, पुढे जमिनीवर बशीत मेणबत्ती.

'हा भोकाचा डबा आहे,' सुदेशने लिहिलं होतं. 'याला मोकळी जागा लागते, कोपऱ्यात तो घुमणारच. मी तुम्हाला बंद डबा करून देतो, तो कोपऱ्यातही गुमान वाजेल. हा मला द्या.'

कुंडलिक कितीदा तरी लिहायला बसला. दर वेळी पहिलंच वाक्य त्याला खोटं वाटलं.

आज संध्याकाळी शेजारची निशा दारात आली. "काका, गाणी लावा ना, नाही कोण म्हणतंय? पण आमच्या मांडणीवरची भांडी नाचतात हो! बाळ दचकून उठतं."

"बघतो काहीतरी," कुंडलिक पुटपुटला.

ती गेल्यावर त्याने एक जुना टॉवेल गुंडाळला आणि डब्याच्या खालच्या गोल भोकात घट्ट कोंबला. रत्नदीपच्या आवडीचं ढोलकीचं गाणं लावलं. भिंत गप्प राहिली. आवाज जरा बारीक, पण स्वच्छ. म्हणजे बंद डबा असाच वाजणार. सुदेशला हो लिहून टाकावं.

"बंद करा ते," त्याची बायको जाईबाई म्हणाली.

ती मेणबत्तीकडे बघत होती. एरवी ढोलकीच्या थापेसरशी भोकातून हवा यायची आणि ज्योत वाकायची. आज ती सरळ उभी होती.

"अगं, भोक बुजवल्यावर हवा कुठून येणार? त्यात दुसरं काही नाही."

"हवाच आहे, ठाऊक आहे मला. खुळी नाही झाले." तिचा आवाज खाली गेला. "त्याच्या नाकात कापसाचे बोळे घातलेले बघितलेत मी. पुन्हा नका दाखवू."

कुंडलिकने टॉवेल उपसून काढला. मग त्याची नजर कोपऱ्यावरून पलंगाकडे गेली.

"पलंगाचं ते टोक धर," तो म्हणाला.

दोघांनी पलंग दाराकडे सरकवला. डबा कोपऱ्यातून बाहेर, भिंतीपासून हातभर पुढे आला. गाणं पुन्हा लागलं. ज्योत वाकली, सावरली, वाकली. पलीकडून निशा ओरडली, "काका, आता ठीक आहे हो!"

"मोरीच्या वाटेत येतोय पण," कुंडलिक म्हणाला.

"रत्नदीप तरी कुठे झोपायचा? तिथेच ना?" जाईबाई म्हणाली.

सकाळी स्टेशनजवळच्या टपालपेटीपाशी त्याने आपलं उत्तर पुन्हा एकदा वाचलं. 'बंद डबा नको. याला जागा करून दिली आहे. रात्री उठलो तर वळसा घालून जातो, पूर्वीसारखंच.'

पत्र त्याने आत सोडलं, आणि हवा येते का बघायला पेटीच्या फटीपुढे तळहात धरला.