नाव ज्याचं त्याचं

"तो पडदा माझ्याकडं फिरव," तुळजाबाई म्हणाल्या. "काय लपवतीयास?"

सून वैष्णवीने लॅपटॉप आणखीच भिंतीकडे वळवला. तुळजाबाईंचा फोन त्याला तारेने जोडलेला होता. पडद्यावर नेहमीची रंगीत चित्रं नव्हती. नुसतं काळंभोर, आणि त्यावर पांढरी अक्षरं. वैष्णवी एक ओळ लिहायची, बटण दाबायची, की ओळींवर ओळी धावत सुटायच्या.

"असल्याच काळ्या पडद्यावर लोकांचे फोन लुटत्यात," शेजारी बसलेली सिंधूबाई म्हणाली. ही तुळजाबाईंची धाकटी जाऊ. पलीकडच्या आळीत वेगळी राहायची, पण हिचा कान कायम ह्याच घरात. "मी टीव्हीवर बघितलंय."

"लुटत न्हाई, काकी. फोनमधली नावं आन् नंबर तेवढे फाईलीत उतरवून घेतेय."

"उतरवून नेणार कुठं? यवतला?" तुळजाबाईंनी विचारलं. यवत म्हणजे वैष्णवीचं माहेर.

राजनंदिनीचं, धाकट्या मुलीचं, लग्न तोंडावर आलं होतं. थोरलीच्या लग्नात सगळ्यांना एकच पत्रिका फोनवरून ढकलली होती, आणि भावकी रुसली. नाव नाही, गाव नाही, कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखं आमंत्रण टाकलं म्हणून हळदीला कुणी फिरकलं नाही. नवरदेवाकडची माणसं रिकाम्या खुर्च्या बघत बसली. ह्या वेळी पुन्हा तसं झालं, तर गावात, कवठे येमाईत, तोंड दाखवायची सोय नव्हती.

वैष्णवी रांजणगावला एका कंपनीच्या ऑफिसात होती. कामगारांना शिफ्टचे मेसेज ती असेच धाडायची. मजकूर एक, मधे नावापुरती मोकळी जागा. कमांड दिली की ज्याचं त्याचं नाव त्या जागी बसणार आणि मेसेज ज्याच्या त्याच्या नंबरावर जाणार. आमंत्रणंही तशीच पाठवू, असं तिने सुचवलं. तुळजाबाई कबूल झाल्या, पण अट घालून. फोनमध्ये नाव जसं आहे तसंच जायचं. एक नाव गाळायचं नाही, एक अक्षर हलवायचं नाही. सुनेवर सोडलं तर ती माहेरची चार माणसं घुसवणार आणि इकडची चार उडवणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

आणि आता ती पडदा लपवत होती. तुळजाबाई वाकल्या रे वाकल्या, की लॅपटॉप भिंतीकडे.

"आत्या, पाठवायच्या आधी एकदा बघावं लागंल," वैष्णवी हळूच म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. "तुम्ही एकट्याच बघा. काकी गेल्यावर."

"मी गेल्यावर?" सिंधूबाई ताठ झाली. "म्हंजी मलाच उडवलंय व्हय? ऐकलं का, बाई? आता तुमच्या घरात यवतची माणसं ठरवणार, भावकीत कोण आन् कोण न्हाई."

तुळजाबाईंच्या कपाळाची शीर उडाली. "वैष्णवे, भावकीचा मान पहिला. सिंधूचं आमंत्रण वाच. हितंच. मोठ्यानं."

"नको, आत्या."

"वाच म्हणते ना!"

वैष्णवीने क्षणभर सासूकडे पाहिलं आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. सिंधूबाईला वाचता येत नव्हतं. तुळजाबाई दुसरी शिकलेल्या. अक्षराला अक्षर लावत त्या वाचू शकायच्या. वैष्णवी वाचू लागली.

"आदरणीय सिंधूबाई यांना सप्रेम नमस्कार. आमच्या राजनंदिनीचं लग्न ठरलंय. तुम्ही घरचंच माणूस. तुमचा हात लागल्याशिवाय आमच्या पोरीला हळद लागायची न्हाई."

सिंधूबाईचा चेहराच बदलला. तिने डोळ्याला पदर लावला. "इतकं कुणी लिहितं का, बाई? उगं वंगाळ बोलले मी पोरीला. बसा तुम्ही, मी चहा टाकते." ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

तुळजाबाई हलल्या नाहीत. त्यांचं बोट पडद्यावर होतं. 'आदरणीय'च्या पुढे सिंधूबाई नव्हतंच. त्यांनी अक्षरं जुळवली, आणि जुळवल्यावर पुन्हा जुळवली.

'आदरणीय आगलावी सिंधी यांना सप्रेम नमस्कार.'

नंबर साठवताना टाईप करायचा त्यांना कंटाळा. फोनपाशी तोंड नेऊन त्या नाव बोलायच्या आणि फोन निमूट लिहून घ्यायचा. ज्या दिवशी ज्याचा राग, त्या दिवशी तेच नाव. त्यांचं बोट खाली सरकत गेलं. आदरणीय फुकट्या आप्पा. आदरणीय चहाडखोर शालन. आदरणीय ढोंगी बुवा. सगळी भावकी, सगळे पाहुणे, मानाने ओळीत उभे होते.

"हे असं जाणार व्हतं?" त्यांनी विचारलं. आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोहोचू नये एवढा खाली.

"तुम्ही म्हणालात, एक अक्षर हलवायचं न्हाई."

"मग गुपचूप हलवायचं व्हतंस!"

"हलवलं असतं, तर यवतचीनं नावं फिरवली असं तुम्हीच म्हणाला असता."

तुळजाबाईंनी दाराकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"बदल, बाई. एकूण एक बदल. माणसासारखी नावं घाल सगळ्यांना."

वैष्णवीने मान हलवली. पडद्यावर ती थोडं खाली गेली आणि एका ओळीवर थांबली. ती ओळ तुळजाबाईंना अक्षरं लावून वाचावी लागली नाही. ते नाव फोनला सांगितलेला दिवस त्यांना नीट आठवत होता.

वैष्णवीने फोन सासूपुढे सरकवला.

"बाकीची मी बदलते, आत्या. माझं तेवढं तुम्ही बदला."